प्लॉट विकणारे भाऊ दाव्याबाहेर राहिलेत, त्यांना आत कसं आणायचं?

तुमच्या प्रश्नातली हकीकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही २०१९ साली कोल्हापूरजवळच्या पाचगाव हद्दीतला ३ गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट दोन सख्ख्या भावांकडून नोंदणीकृत खरेदीपत्राने घेतला. जागा त्यांच्या वडिलांची, स्वकष्टार्जित. वडील मृत्युपत्र न करता गेले, आईही हयात नाही. आता त्यांच्या विवाहित बहिणीने कसबा बावड्याच्या कोर्टात दावा लावलाय. जागेत तिचा १/३ हिस्सा आहे, खरेदीपत्र तिच्या हिश्श्यावर बंधनकारक नाही असं ठरवून मिळावं आणि तुम्हाला बांधकामाला कायमची मनाई व्हावी, एवढीच तिची मागणी. प्रतिवादी एकटे तुम्ही. ज्यांनी पैसे घेतले, सह्या-अंगठे केले, ते भाऊ दाव्यात नाहीत आणि तुमचे फोनही उचलत नाहीत. तुम्ही विचारताय की त्यांना दाव्यात ओढता येईल का, आणि ओढलं तर त्यांच्याकडून पैसे वसूल होतील का.

ओढता येईल. पैसे मात्र निव्वळ त्यांना प्रतिवादी केल्याने मिळणार नाहीत, त्याची वाट वेगळी आहे आणि ती पुढे सांगतो. पण तुमच्या प्रश्नात न आलेली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: वडिलांची आणखी मिळकत आहे का? राधानगरी रोडकडे शेती आणि पेठेत राहतं घर, दोन्ही भावांच्याच कब्जात आहे असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. तुमची केस त्या एका वाक्यावर उभी राहू शकते.

वाटपाच्या दाव्यात कोर्ट सगळ्या मिळकती एकत्र धरून हिस्से पाडतं. एखाद्या हिस्सेदाराने त्यातला एक तुकडा आधीच विकला असेल, तर शक्य तिथे तो तुकडा त्याच्याच हिश्श्यात टाकावा आणि बाकीच्यांची भरपाई उरलेल्या मिळकतीतून करावी, असं न्यायाचं जुनं तत्त्व आहे. म्हणजे बहिणीचा १/३ हिस्सा तिला शेतीतून आणि घरातून पुरा मिळू शकतो, आणि तुमचे ३ गुंठे भावांच्या वाट्यात धरले जाऊन तुमच्याकडे अखंड राहू शकतात. हा हक्क आपोआप मिळत नाही, कोर्टाला तो न्याय्य वाटावा लागतो. पण मागण्यासाठीसुद्धा दोन गोष्टी लागतात: दावा सगळ्या मिळकतींच्या वाटपाचा हवा आणि भाऊ समोर हवेत. आत्ताच्या दाव्यात दोन्ही नाही. हे चुकून झालं असेल असं मला वाटत नाही. बहीण भावांना सोडून फक्त खरेदीदारावर दावा लावते तेव्हा भावकीत आतून काहीतरी ठरलेलं असण्याची शक्यता मी नेहमी धरून चालतो. नसेलही, काही वेळा माहेर तुटू नये एवढंच कारण असतं. दोन्ही परिस्थितीत तुमचा उपाय एकच आहे.

आता कायदा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १ नियम १०(२) प्रमाणे कोर्ट दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर नवा पक्षकार सामील करू शकतं. कोर्टात याला सगळे ‘ऑर्डर वन रूल टेनचा अर्ज’ म्हणतात. त्यात दोन प्रकारची माणसं येतात. ज्याच्याशिवाय परिणामकारक हुकूमनामाच (दाव्याचा अंतिम निर्णय) होऊ शकत नाही तो आवश्यक पक्षकार. ज्याच्याशिवाय हुकूमनामा होऊ शकतो, पण वादाचा पुरता निकाल लावायला तो असलेला बरा, तो योग्य पक्षकार. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या उदित नारायण सिंग प्रकरणात ही फोड केली आणि आजही युक्तिवादाला तिथूनच सुरुवात होते. फरक महत्त्वाचा आहे, कारण नियम ९ म्हणतो की पक्षकार कमी-जास्त झाले म्हणून दावा फेटाळायचा नाही, पण १९७६ च्या दुरुस्तीने त्याला परंतुक, म्हणजे अपवाद, जोडलंय की आवश्यक पक्षकार नसेल तर ही सवलत नाही.

मग विकणारा आवश्यक की नुसता योग्य? याला सरसकट उत्तर नाही, आणि इंटरनेटवर लोक इथेच घोळ घालतात. शेजाऱ्याशी बांधाचा किंवा अतिक्रमणाचा वाद असेल तर विकणाऱ्याचं दाव्यात काही काम नाही, फार तर त्याला साक्षीदार म्हणून बोलवा. कोणी तिऱ्हाईत ‘मूळ मालक मीच’ म्हणून तुमच्यावर आला, तर विकणाऱ्याने आपला सगळा हक्क तुम्हाला देऊन टाकलेला असतो, म्हणून तो सहसा आवश्यक ठरत नाही, योग्य ठरू शकतो. साठेखताच्या पूर्ततेच्या, म्हणजे ठरलेलं खरेदीपत्र करून मागण्याच्या, दाव्यात साठेखत लिहून देणारा हवाच, आणि त्याने नंतर दुसऱ्याला खरेदीपत्र करून दिलं असेल तर तो दुसराही हवा. १९५४ च्या दुर्गा प्रसाद प्रकरणापासून पूर्ततेचा हुकूमनामा दोघांविरुद्ध करण्याची रीत आहे. उलट, अशा दाव्यात स्वतंत्र मालकी सांगणाऱ्या परक्याला घुसता येत नाही, हे २००५ च्या कस्तुरी विरुद्ध अय्यंपेरुमल निकालाने पक्कं केलं. तो निकाल तुमच्या विरोधात दाखवला जाईल, कारण त्यात ‘वादी हा दाव्याचा धनी, त्याच्यावर नको असलेला पक्षकार लादता येत नाही’ असं म्हटलंय. उत्तर सोपं आहे: ते पूर्ततेच्या दाव्याबद्दल होतं, इथे हिश्श्याचा वाद आहे.

हिश्श्याच्या वादात सगळे हिस्सेदार आवश्यक पक्षकार असतात. बहिणीने दाव्याला ‘वाटप’ हे नाव दिलेलं नाही, पण १/३ हिस्सा ठरवून मागितलाय. उरलेले २/३ कोणाचे, वडिलांना आणखी वारस होते का, बहिणीने हक्क सोडला होता का, हे ठरवल्याशिवाय १/३ कसा ठरणार? शिवाय ज्या दस्ताला ती बंधनकारक नाही म्हणते, तो दस्त भावांनी लिहून दिलाय. त्यांच्या माघारी त्यांनी लिहिलेल्या दस्ताबद्दल निष्कर्ष काढला तर तो त्यांना बांधणार नाही, आणि उद्या तुम्ही पैशासाठी त्यांच्या मागे लागलात की ते खुशाल म्हणतील, आम्ही त्या दाव्यात नव्हतो, बहिणीचा हिस्सा होता हे आमच्याविरुद्ध नव्याने शाबीत करा. भाऊ दाव्यात असतील तर ही पळवाट बुजते.

तुम्ही पाठवलेल्या फेरफाराच्या उताऱ्याकडे आता नीट बघा. वडिलांच्या मृत्यूनंतरच्या वारस नोंदीत तिघांचीही नावं लागली आहेत. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या फेरफाराने बहिणीचं नाव कमी झालंय आणि शेऱ्यात ‘वर्दी व जबाबावरून हक्क सोडल्याने’ एवढंच आहे (वर्दी म्हणजे तलाठ्याकडे दिलेली नोंदीची खबर). दस्त क्रमांक नाही, दुय्यम निबंधक कार्यालयाचा उल्लेख नाही. आपल्याकडे हे सर्रास चालायचं: तलाठ्यापुढे बहिणीचा जबाब घ्यायचा आणि नाव काढून टाकायचं. पण फेरफार महसुलासाठी असतो, त्याने मालकी जात नाही. स्थावरातला हक्क नोंदणीकृत हक्कसोडपत्राशिवाय सुटत नाही. त्यामुळे ‘सातबाऱ्यावर फक्त भावांचीच नावं होती’ हा तुमचा बचाव तुम्हाला वाटतो तेवढा मजबूत नाही. आधीचा फेरफार काढून बघितला असता तर बहीण आहे हे कळलं असतं, आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४१ चं संरक्षण रास्त चौकशी करणाऱ्यालाच मिळतं. पेपरात जाहीर नोटीस दिली होती, मुदतीत हरकत आली नाही, याने चौकशी केल्याचं दिसतं, बहिणीचा हिस्सा संपत नाही. तरीही ती वर्दी कोणी दिली, जबाबावर सही कोणाची, हे शोधाच. वर्दीचा मूळ अर्ज आणि जबाब यांच्या नकला तहसीलच्या अभिलेख कक्षातून मागवा. जबाबावर बहिणीची सही खरी निघाली तर हक्क सुटल्याचं शाबीत होणार नाही, पण तिला विक्रीची किंवा वाटणीची माहिती होती हे दाखवायला तो कागद फार उपयोगी. सही खोटी निघाली तर ती भावांनी केली की आणखी कोणी, याचं उत्तर द्यायला भावच लागतील.

अर्ज कधी द्यायचा? लेखी कैफियतीबरोबर, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराबरोबर, किंवा तिच्या पाठोपाठ. समन्स मिळाल्यापासून कैफियतीला ३० दिवस, कोर्टाच्या परवानगीने ९० पर्यंत. कैफियतीत ‘दाव्यास पक्षकार दोषाची बाधा येते’ हे नेहमीचं मोघम वाक्य टाकून भागत नाही. कोणाला जोडलेलं नाही, त्यांचं मिळकतीशी नातं काय आणि त्यांच्याशिवाय कोणता मुद्दा ठरू शकत नाही, हे नावानिशी लिहा. आदेश १ च्या नियम १३ प्रमाणे ही हरकत पहिल्या संधीला, कोर्टाने वादाचे मुद्दे काढायच्या आत घ्यावी लागते, नाहीतर ती सोडून दिली असं धरतात.

काही वकील मित्र असा सल्ला देतील की हरकत कैफियतीत नोंदवून ठेवा आणि अर्ज देऊच नका. बहिणीला तसंच पुढे जाऊ द्या, शेवटी दावा आवश्यक पक्षकाराअभावी पडेल. डाव आकर्षक आहे आणि त्याला आधारही आहे. २०२२ च्या मोरेश्वर महाजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पत्नी आणि मुलं या सहमालकांना न जोडल्यामुळे पूर्ततेचा दावा टिकत नाही असं ठरवलं. पण तुमच्या बाबतीत मी हे करणार नाही. दावा पडला तरी बहिणीचा हिस्सा जागेवर राहतो. ती भावांना जोडून नवा दावा लावेल, किंवा अपिलातही पक्षकार जोडायची परवानगी मागेल. एवढी वर्षं तुमच्या प्लॉटवर ना बांधकाम, ना बँकेचं कर्ज. मिळकतीचा वाद एकदाच मिटवायचा असेल तर स्वतःहून अर्ज देणं फायद्याचं.

अर्ज दोन-तीन पानांचा पुरे. भावांची पूर्ण नावं, वय, धंदा, सध्याचे पत्ते, वंशावळ, खरेदीपत्र आणि इंडेक्स टूच्या नकला, दोन्ही फेरफार, राहत्या घराचं मालमत्ता पत्रक आणि शेतीचा सातबारा. एखादा भाऊ दरम्यान वारला असेल तर त्याच्या वारसांची नावं घाला. मृताला प्रतिवादी करून काही साधत नाही. खरेदीपत्रावर मुखत्याराने सही केली असेल तर मूळ मालक जोडा, मुखत्याराला तेव्हाच जोडा जेव्हा त्याच्यावरच फसवणुकीचा आरोप आहे. आणि भावांच्या आधीच्या मालकांपर्यंत मागे जाऊ नका. ज्यांच्या मालकीबद्दल वादच नाही अशांची गर्दी केली की समन्स बजावण्यातच वर्षं जातात.

अर्जावर बहिणीचं म्हणणं येईल, युक्तिवाद होईल, हुकूम होईल. मंजूर झाला तर वादपत्रात दुरुस्ती बहिणीनेच करायची असते. हुकुमात मुदत दिली नसेल तर १४ दिवस. त्यानंतर समन्सचा भत्ता. इथे वादी मुद्दाम रेंगाळतो, तेव्हा प्रत्येक तारखेला पुरसीस (कोर्टाला छोटं लेखी निवेदन) देऊन दुरुस्ती झाली नाही हे रेकॉर्डवर आणत राहा. भाऊ समन्स चुकवत असतील तर बेलिफाच्या अहवालानंतर आदेश ५ नियम २० प्रमाणे घराला चिकटवून किंवा पेपरात देऊन बजावणी होते. हजरच झाले नाहीत तर त्यांच्याविरुद्ध एकतर्फा हुकूम होईल. त्यानेही तुमचं काम होतं.

अर्ज नामंजूर झाला तर त्या हुकुमावर अपील नाही. संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयात रिट करावी लागते. पूर्वी यासाठी महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई गाठायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच, भाऊसिंगजी रोडला सीपीआर रुग्णालयासमोर बसतं आणि सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांचंही काम इथेच चालतं. प्रवास वाचला म्हणून प्रत्येक हुकुमाविरुद्ध रिट करायची नसते. २२७ ची कक्षा अरुंद आहे, खालच्या कोर्टाने अधिकार वापरताना ढळढळीत चूक केली असेल तरच हात घातला जातो.

तुमची एक भीती रास्त आहे: भाऊ आत येऊन ‘हो, बहिणीचा हिस्सा होता, आम्ही चुकून विकला’ असं कबूल करून मोकळे झाले तर? ती कबुली तुम्हाला बांधत नाही. ज्याच्याकडून हक्क मिळाला त्याचं विधान, त्याचा हक्क चालू असताना केलेलं असेल तरच कबुली म्हणून वापरता येतं. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम १६ मध्ये, म्हणजे जुन्या कायद्याच्या कलम १८ मध्ये, हे आहे. भावांनी २०१९ मध्ये हक्क विकला. आज ते काय म्हणतात याने तुमची मालकी कमी होत नाही. उलट त्यांना उलटतपासात घेता येतं, आणि वडिलांची बाकीची मिळकत कुठे-कुठे आहे हे त्यांच्याच तोंडून काढता येतं.

भावांना जोडलं तरी दाव्यातली मागणी तीच राहिली तर अर्धंच काम झालं. म्हणून कैफियतीत आणखी दोन हरकती घ्या. बहिणीचा कब्जा नाही, तरी तिने वाटप आणि कब्जा न मागता नुसती हक्काची घोषणा मागितलीय, हे विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३४ च्या परंतुकात बसत नाही. आणि एकत्र मिळकतीपैकी एकाच तुकड्यापुरता वाद काढता येत नाही, अंशतः वाटपाचा दावा चालत नाही, हे १९९४ च्या केंचेगौडा प्रकरणात सांगितलंय. हरकत आली की बहुतेक वेळा वादी दुरुस्ती करून सगळ्या मिळकती घालतो. तिने घातल्या नाहीत, तर सर्व मिळकतींच्या वाटपाचा प्रतिदावा तुम्ही द्या. सहहिस्सेदाराचा हिस्सा घेणाऱ्याला सर्वसाधारण वाटप मागता येतं. कोर्ट फी भरावी लागेल, पण ‘माझा प्लॉट भावांच्या हिश्श्यात धरा’ ही विनंती तुमच्या स्वतःच्या मागणीत येते. हे मुद्दे निघायच्या आधी करा. २०१९ च्या अशोक कुमार कालरा निकालाप्रमाणे मुद्दे काढल्यावर प्रतिदावा घेत नाहीत. प्रतिदावा बहिणीविरुद्ध हवाच, बरोबर भाऊ आले तर चालतात. फक्त सहप्रतिवादीविरुद्ध प्रतिदावा चालत नाही, हे २००६ च्या रोहित सिंग प्रकरणात ठरलंय. ‘भावांनी पैसे परत द्यावेत’ एवढाच प्रतिदावा का टिकणार नाही, त्याचं कारण हेच.

भाऊ आणि बाकीची मिळकत दोन्ही दाव्यात आली की मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२ लागू होतं: दावा चालू असताना त्यांनी शेती विकली तर घेणाराही निकालाने बांधला जातो. आपल्या राज्यात या कलमाला स्वतंत्र दुरुस्ती असून दावा प्रलंबित असल्याच्या नोटिशीची नोंदणी सांगितली आहे. ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, त्यात कंजुषी करू नका. हेच बंधन तुमच्या प्लॉटलाही आहे, तेव्हा सध्या तो विकायचा विचार डोक्यातून काढा.

आता पैसे. तुमच्या खरेदीपत्राच्या शेवटून दुसऱ्या पानावर नेहमीचं कलम आहे: ‘सदर मिळकतीबाबत कोणाचीही हरकत निघाल्यास तिचे निवारण आम्ही लिहून देणार स्वखर्चाने करून देऊ, तुम्हांस तोशीस लागू देणार नाही.’ हे नसतं तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५(२) प्रमाणे विकणाऱ्याने मालकीची हमी दिली असं धरलं जातं. या हमीवर रक्कम मागायच्या दोन वाटा आहेत. एक, याच दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने संहितेला जोडलेल्या आदेश ८-अ खाली कोर्टाच्या परवानगीने भावांना त्रयस्थ पक्षकार नोटीस. आपल्या भागात ती फारशी कोणी वापरत नाही, पण नुकसानभरपाईच्या हक्कासाठीच ती तरतूद आहे. दोन, स्वतंत्र दावा. मोबदला निष्फळ ठरल्यावर पैसे परत मागायला मर्यादा कायद्याच्या अनुच्छेद ४७ प्रमाणे ३ वर्षं मिळतात. ती कधीपासून मोजायची यावर वाद होतो, म्हणून बहिणीचा दावा निकाली निघेपर्यंत स्वस्थ बसायला मी सांगणार नाही.

पोलीस ठाण्यात जाऊ का, असंही तुम्ही विचारलंय. बहीण नाही असं भावांनी सांगितलं किंवा लिहून दिलं असेल तर फसवणुकीची तक्रार खरेदीदार करू शकतो, तसं सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या मोहम्मद इब्राहिम प्रकरणात म्हटलंय. पण त्याने दिवाणी दाव्यातली एकही तारीख थांबत नाही, आणि समझोत्याची वेळ आली की तीच तक्रार आडवी येते.

समझोत्याची वेळ येईल असं मला वाटतं. भाऊ प्रतिवादी झाले, शेती आणि घर दाव्यात आलं, की बहीण-भावांना प्लॉटपेक्षा त्यांचं आपसातलं वाटप मोठं वाटू लागतं. तेव्हा मध्यस्थी केंद्रात किंवा लोकअदालतीत तडजोड करताना बहिणीकडून तुमच्या नावे नोंदणीकृत दस्त घ्या, तोही भावांच्या खर्चाने, खरेदीपत्रातल्या त्या तोशीस कलमावर बोट ठेवून.

पुढच्या तारखेला बहिणीच्या निशाणी ५ वर, म्हणजे तूर्तातूर्त ताकिदीच्या (दावा चालू असेपर्यंतच्या मनाईच्या) अर्जावर, सुनावणी आहे. त्या म्हणण्यातही पक्षकार दोषाची हरकत घाला आणि त्याआधी दोन्ही भावांना नोंदणी आणि पोच असलेल्या स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा: तुमच्या बहिणीने दावा केलाय, हमीप्रमाणे येऊन बचाव करा. पाकीट परत आलं तरी फोडू नका, पोस्टाच्या शेऱ्यासकट तसंच वकिलाकडे द्या.